कार्यकारिणीत कोण बसणार?

१९८८ साली नॉर्मा व्हिटकोम या मुक्त संपादिकेने इंग्लंडमध्ये एक संस्था काढली. घरी बसून पुस्तकांचे संपादन आणि मुद्रितशोधन करणाऱ्या, एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या माणसांना एकत्र आणणे, एवढाच तिचा सुरुवातीचा हेतू होता. २०१९ मध्ये या संस्थेला शाही सनद मिळाली आणि मार्च २०२० पासून ती ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग’ या नावाने काम करू लागली. वास्तुविशारद, अभियंते, हिशेबतपासनीस यांच्या जुन्या सनदी संस्थांच्या पंक्तीत मुद्रितशोधक जाऊन बसले. हे घडायला जेमतेम तीन दशके लागली. कोणा धनवंताने देणगी दिली नव्हती, सरकारने कायदा केला नव्हता. दिवसभर इतरांची हस्तलिखिते तपासून रात्री संस्थेची कागदपत्रे हातात घेणाऱ्या सभासदांनी हे काम तडीस नेले.

अशा कामाला आपल्याकडे ‘समाजसेवा’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. या शब्दात आदर आहे, पण त्याने कामाचे खरे स्वरूप झाकले जाते. व्यावसायिक संपादकांच्या संस्थेत समितीवर काम करणे हे दुसऱ्यासाठी केलेले दान नाही. ज्या व्यवसायाला कायद्याचे संरक्षण नाही, पदवीची अट नाही आणि ज्याचे चांगले काम डोळ्यांना दिसतही नाही, त्या व्यवसायाचा पायाच अशा समित्यांनी घातला आहे. म्हणून त्या कामाकडे व्यावसायिक काम म्हणूनच पाहिले पाहिजे. त्याची मुदत ठरवली पाहिजे, त्याचा हिशेब ठेवला पाहिजे आणि त्यातले जे शक्य असेल त्याचे पैसे दिले पाहिजेत.

संपादनाची अडचण इतर व्यवसायांहून वेगळी आहे. भारतात सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली, वकिलांची परिषद १९६१ च्या कायद्याने. परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि नोंदणी केल्याशिवाय त्या व्यवसायात पाऊल टाकता येत नाही. संपादकाच्या बाबतीत असे काहीच नाही. आज कोणीही उठून आपण पुस्तकांचे संपादन करतो असे सांगू शकतो. वाईट संपादन वाचकाला खटकते, चांगले संपादन मात्र त्याच्या लक्षातही येत नाही, कारण विस्कटलेले प्रकरण मुळात कसे होते हे त्याने पाहिलेलेच नसते. लेखकालाही अनेकदा नेमके काय बदलले आणि का बदलले हे उमगत नाही. मग मोबदला कशाच्या आधारावर ठरवायचा? नवख्याने शिकायचे कोणाकडून? काम बिघडले तर दाद कोणाकडे मागायची? सरकारने या प्रश्नांकडे लक्ष दिले नाही आणि बाजाराला ते सोडवता आले नाहीत, तेव्हा त्यांची उत्तरे शोधायला संपादकांनाच बसावे लागले.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. मेलबर्नमध्ये १९७० साली व्हिक्टोरिया राज्याच्या संपादकांची संस्था सुरू झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत सिडनी, ब्रिस्बेन, अॅडलेड, पर्थ, कॅनबेरा, टास्मानिया अशा ठिकाणी तशाच संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येकीची स्वतंत्र घटना, स्वतंत्र कार्यकारिणी, स्वतंत्र वार्तापत्र. बराच काळ त्यांचे काम सभा, व्याख्याने आणि कार्यशाळा यांपुरतेच होते. मग या संस्थांनी मिळून एक अवघड काम अंगावर घेतले. संपादकाला नेमके काय यायला हवे, ते लिहून काढायचे.

ज्याने कधी असे काही लिहून पाहिले असेल त्यालाच त्यातली अडचण कळेल. अनुभवी संपादकाच्या हातात जे असते, ते बहुतेक वेळा त्याच्या शब्दांत नसते. वाक्य कुठे अडखळते हे त्याला जाणवते, पण का, हे सांगताना तो थबकतो. आशयाची मांडणी कितपत हलवायची, लेखकाच्या शैलीला कुठवर हात लावायचा, तक्ते आणि चित्रे यांची जबाबदारी कोणाची, अवतरणाच्या परवानगीची आठवण कोणी करायची, शंका असेल तर लेखकाला विचारायचे की आपणच निर्णय घ्यायचा, अशा शेकडो गोष्टी वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या प्रकारच्या पुस्तकांवर काम करणाऱ्या माणसांनी एकमताने मांडायच्या होत्या. पाठ्यपुस्तकांच्या संपादकाला जे मूलभूत वाटते ते कादंबरीच्या संपादकाला जाचक वाटू शकते. त्यातून २००१ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड्स फॉर एडिटिंग प्रॅक्टिस’ ही पुस्तिका तयार झाली. आकाराने लहान, पण त्या दिवसापासून तिथल्या संपादकाला ग्राहकासमोर ठेवायला एक कागद मिळाला. आपले काम म्हणजे काय, हे त्यात छापलेले होते.

पुढची पायरी परीक्षेची होती. २००८ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्रोफेशनल एडिटर्स’ ही राष्ट्रीय संस्था रीतसर स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली मानांकन-परीक्षा झाली. गणिताच्या प्रश्नाला एक उत्तर असते. संपादनात एकच सदोष वाक्य तीन जण तीन तऱ्हांनी दुरुस्त करतात आणि तिन्ही दुरुस्त्या बरोबर असू शकतात. शिवाय न केलेली दुरुस्तीही तपासावी लागते, कारण जे मुळातच ठीक होते त्याला उगाच हात लावणे हीसुद्धा चूकच. प्रश्नपत्रिका काढणे, ती आधी अनुभवी माणसांकडून सोडवून पाहणे, कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याचे निकष ठरवणे, तपासणाऱ्यांमध्ये एकवाक्यता आणणे, नापास झालेल्याला कारण सांगणे, या सगळ्याला महिनोन्‌महिने लागतात. तिथे मिळालेले मानांकन कायमचेही नसते. पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते, मधल्या काळात आपण काय शिकलो हे दाखवावे लागते. हे कठोर आहे. पण कठोरपणा स्वतः संपादकांनी स्वतःवर लादून घेतला, म्हणूनच त्या मानांकनाला किंमत आली.

कॅनडातही असेच घडले. तिथल्या मुक्त संपादकांची संघटना १९७९ ची, आज ती ‘एडिटर्स कॅनडा’ या नावाने ओळखली जाते. तिने व्यावसायिक संपादनाची मानके केली आणि २००६ पासून प्रमाणपत्र-परीक्षा सुरू केल्या. मुद्रितशोधन, प्रत-संपादन, शैली-संपादन आणि रचना-संपादन अशा चार स्वतंत्र परीक्षा. ही चार कामे वेगळी आहेत, त्यांना लागणारा वेळ आणि कौशल्य वेगळे आहे, हे अशा विभागणीतून ग्राहकाला आपोआप कळते. त्या संघटनेचे १९८७ चे ‘एडिटिंग कॅनेडियन इंग्लिश’ हे पुस्तक तर आणखी महत्त्वाचे. कॅनडाची इंग्रजी ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्या मधोमध उभी आहे. काही शब्द ती लंडनच्या पद्धतीने लिहिते, काही न्यूयॉर्कच्या. तिचा निवाडा लंडन करणार नाही आणि न्यूयॉर्कही करणार नाही. तो तिथल्या संपादकांनी केला.

मराठी वाचकाला या ठिकाणी थांबून स्वतःच्या भाषेकडे पाहावेसे वाटेल. आज कोणताही मराठी मुद्रितशोधक ज्या नियमांनी ऱ्हस्व-दीर्घ ठरवतो, ते नियम कुठून आले? अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने १४ नियम तयार केले आणि १९६२ मध्ये शासनाने ते मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. साहित्यसंस्थांच्या समित्यांनी बसून, वाद घालून, मतभेद मिटवून केलेले हे काम आहे. नियम पटोत न पटोत, साठ वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे आणि ग्रंथ त्यांवर चालले आहेत. समितीचे काम किती दूरवर पोचते याचा याहून ठळक पुरावा दुसरा कोणता?

पण ते नियम लेखनाचे आहेत, संपादनाचे नाहीत. शब्द कसा लिहावा हे त्यांत सांगितले आहे. हस्तलिखित कसे हाताळावे, लेखकाशी कसे वागावे, कोणत्या कामाला काय म्हणावे, कोणत्या टप्प्यावर कोणाची जबाबदारी संपते, याबद्दल त्यांत काही नाही, आणि असण्याचे कारणही नाही. २००९ मध्ये शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे ठरवली गेली. त्याचा परिणाम रोजच्या रोज सोसणारा वर्ग म्हणजे मुद्रितशोधक आणि अक्षरजुळणी करणारे. असे निर्णय होताना त्यांच्या वतीने बोलायला त्यांची स्वतःची संस्था हवी. लेखकांच्या संस्था आहेत, प्रकाशकांचे संघ आहेत, ग्रंथालयांचा संघ आहे. वर्तमानपत्रांच्या संपादकांची ‘एडिटर्स गिल्ड’ १९७८ पासून आहे, पण तिचा विषय वृत्तपत्रस्वातंत्र्य. पुस्तकांवर काम करणारा मराठी संपादक मात्र एकटा आहे. छपाईच्या फॉर्मवर किंवा पानावर ठरलेला दर, तोंडी बोली, आणि पुस्तक निघाल्यावर श्रेयनामावलीत नाव येईलच याची खात्री नाही.

आता समितीच्या कामावरचा खरा आक्षेप. संपादकांच्या संस्था सभासदांना एक गोष्ट कळकळीने शिकवतात: आपल्या वेळेचे पैसे मागा, फुकट काम करू नका. आणि त्याच संस्था समितीवर मात्र फुकट काम मागतात. हा विरोध खरा आहे आणि गोड बोलून तो मिटत नाही. पगारदार माणसाने संध्याकाळी दोन तास सभेला दिले तर त्याचा पगार कापला जात नाही. मुक्त संपादकाचे दोन तास म्हणजे न तपासलेली काही पाने आणि तेवढे बुडालेले उत्पन्न. कोषाध्यक्षाला मार्चअखेर हिशेब पुरे करायचे असतात, आणि त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांची कामे अंगावर आलेली असतात.

यातून एक घातक गोष्ट घडते. ज्याला असा वेळ परवडतो तोच समितीवर येतो. ज्याचे घर जोडीदाराच्या पगारावर चालते, ज्याला निवृत्तिवेतन आहे, जो शहरात राहतो, ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस नाही. महिन्याच्या कामावर महिना काढणारा, तालुक्याच्या गावी राहणारा, नुकता या व्यवसायात आलेला माणूस बाहेर राहतो. मग दर, शुल्क, परीक्षेची फी, संमेलनाचे ठिकाण हे सारे ज्यांना परवडते त्यांच्या नजरेतून ठरते. माणसे वाईट नसतात, त्यांचा अनुभव अपुरा असतो. संस्थेला हे कळायला वर्षे लागतात, आणि कळेपर्यंत तरुण सभासदांनी सभासदत्व सोडलेले असते.

ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये याच अडचणीला तोंड दिले. प्रत्येक राज्याच्या संस्थेला स्वतःचा अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष, वार्तापत्राचा संपादक हवा होता. मूठभर सभासदांच्या संस्थेतही तेवढीच पदे, तेवढेच कागद. तीच ती कामे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा होत होती आणि करणारी माणसे थकत होती. त्या वर्षी राज्यसंस्था राष्ट्रीय संस्थेत विलीन होऊन तिच्या शाखा बनल्या. सभासद-नोंदणी, हिशेब, नूतनीकरण अशी रोजची कामे केंद्राकडे, पगारी माणसांकडे गेली. स्थानिक कार्यक्रम, मार्गदर्शन, मानके, परीक्षा यांत स्वयंसेवक राहिले. आपल्या गावची संस्था, तिचा निधी, तिची ओळख सोडून देणे सोपे नसते. तरीही तो निर्णय योग्य होता. ज्या कामात व्यवसायाचा विवेक लागतो ते सभासदांनीच करावे, ते पगारी नोकरावर सोपवता येत नाही. ज्या कामात केवळ श्रम आणि नियमितपणा लागतो त्याचे पैसे मोजावेत. ही रेषा ओढता आली की फुकट कामाविषयीचा आक्षेप निम्म्याहून अधिक विरतो. उरलेला भाग मुदतीने सोडवावा लागतो, म्हणजे कोणतेही पद ठरावीक वर्षांपुरतेच, आणि पद सोडण्याआधी पुढच्या माणसाला सोबत घेऊन शिकवणे बंधनकारक.

दराचा प्रश्न समितीच्या कामातला सर्वांत नाजूक. अमेरिकेतली ‘एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन’ १९७० पासून चालू आहे. ती दरांचा तक्ता प्रसिद्ध करते, पण तो सभासदांच्या पाहणीवर आधारलेला असतो. अमुक दराखाली काम करू नका, असा हुकूम ती देत नाही. स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने भाव बांधणे स्पर्धा-कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. लोक प्रत्यक्षात किती घेतात हे प्रामाणिकपणे गोळा करून मांडणे मात्र कोणी अडवू शकत नाही. ही माहिती मुक्त संपादकाला फार मोठे बळ देते. आपण मागतो तो आकडा अवाजवी नाही, हे त्याला प्रथमच कळते. अशी पाहणी करायला प्रश्नावली लागते, गुप्ततेची हमी लागते, आकडे तपासणारा माणूस लागतो. म्हणजे पुन्हा समितीच.

समितीवर येणाऱ्याला काय मिळते, याचे उत्तर अनेकदा ‘ओळखी वाढतात, कामे मिळतात’ असे दिले जाते. ते खोटे नाही. पण त्या कारणासाठी आलेला माणूस पहिल्याच कंटाळवाण्या वर्षात निघून जातो. जे टिकतात त्यांना वेगळेच काही मिळते. एकट्याने काम करणाऱ्याला आपल्या निर्णयांची चर्चा करायला जागा मिळते. अंदाजपत्रक वाचता येऊ लागते, करारातले कलम समजू लागते, असहमतीतही सभा पुढे कशी न्यायची हे कळते. ब्रिटनच्या संस्थेचा एक पुरस्कार ज्युडिथ बुचर यांच्या नावाने आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयात प्रत-संपादनाचे काम पाहिलेल्या बुचरबाईंचे १९७५ चे पुस्तक इंग्रजी संपादकांच्या पिढ्यांनी हाताशी ठेवले. त्यांच्या नावाचा पुरस्कार मात्र दिला जातो तो संस्थेच्या कामात ठळक भर घालणाऱ्या सभासदाला. कॅनडाच्या संघटनेतही वर्षाच्या उत्तम स्वयंसेवकाला ली द’आंझू यांच्या नावाचा सन्मान मिळतो. समितीवरचे काम या संस्था व्यावसायिक कर्तृत्वच मानतात, हे त्यावरून दिसते.

मराठीत संपादनाची परंपरा कमी दर्जाची नाही. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांबरोबर बसून जे काम केले, त्याने मराठी कथा-कवितेचा एक कालखंड घडला. अरुण फडके यांनी मराठी लेखन-कोश केला, ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ घराघरांत पोचवले, शुद्धलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. यास्मिन शेख यांनी ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ लिहिली आणि ‘अंतर्नाद’ मासिकाची भाषा डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ही कामगिरी थोर आहे, पण ती एकेका व्यक्तीची आहे. हस्तलिखितावर बसून ते काय पाहत, कोणत्या क्रमाने पाहत, लेखकाला पत्र कसे लिहीत, हे शिकायचे तर त्यांच्याजवळ बसण्याचे भाग्य लागत असे. २०२० मध्ये फडके गेले. त्यांचे कोश उरले. त्यांच्या कार्यशाळांची जागा घेणारी परीक्षा किंवा अभ्यासक्रम मात्र कोणत्याही संपादक-संस्थेने उभा केला नाही, कारण तशी संस्थाच नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या भाषेतली पुस्तके ज्यांच्या हातून शेवटची जातात, त्यांना व्यावसायिक म्हणून अजून कुठलाही दर्जा नाही.

हे बदलायला फार मोठ्या निधीची गरज नाही. संस्था-नोंदणीच्या १८६० च्या कायद्यानुसार सात माणसे पुरतात. घटना, पहिली कार्यकारिणी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी तपासलेले हिशेब आणि पदाधिकारी बदलले की वेळेवर दिलेला चेंज रिपोर्ट, एवढे सांभाळले तरी कायदेशीर पाया पक्का होतो. पहिल्या दोन वर्षांत संमेलने, सत्कार आणि स्मरणिका टाळाव्यात. त्याऐवजी तीन कामे हातात घ्यावीत. मराठी संपादकाला काय यायला हवे याची वीस-पंचवीस पानांची पुस्तिका, लेखक-प्रकाशकांशी करायच्या कराराचा साधा नमुना, आणि प्रत्यक्षात कोण किती मोबदला घेतो याची गुप्त पाहणी. सभा दूरदृश्य पद्धतीने घ्याव्यात, म्हणजे नांदेडचा किंवा सावंतवाडीचा मुद्रितशोधकही कार्यकारिणीत येऊ शकेल. गोव्यात आणि बेळगावात मराठी पुस्तके सिद्ध करणाऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून बोलवावे. कार्यवाहाचे काम वाढले की त्याला मानधन द्यावे आणि ते घटनेतच लिहून ठेवावे. कोणालाही दोन मुदतींहून अधिक काळ त्याच पदावर ठेवू नये.

पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे आज प्रुफांवर नजर रोखून बसलेल्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या सहा जणांची नावे काढावीत आणि त्यांना या महिन्यातच पहिल्या सभेला बोलवावे.